काठी, चेंडू आणि कुंपण

गोल्फ हा शब्द कानावर पडताच सामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. हिरवेगार मैदान, पांढरी टोपी, दूरवर थांबलेली मोटार आणि काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालणारा एक मुलगा. पिशवी वाहणारा आपल्यापैकी असतो आणि खेळणारा आपल्यापैकी नसतो, हेही त्या चित्रात गृहीत धरलेले असते. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावात एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने आपल्याला गोल्फ शिकायचा आहे असे पारावर बोलून दाखवले, तर हशा पिकेल यात शंका नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या भावाची चिंता करणाऱ्या गावाला हा विषय म्हणजे दुष्काळात तेराव्या महिन्यासारखा वाटावा, हेही समजण्याजोगे आहे. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. हा खेळ महाग आहे तो नेमका कशामुळे? काठीमुळे, चेंडूमुळे, की आणखी कशामुळे?

आधी काठीचा हिशेब मांडला पाहिजे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढून दरमहा १६,००० रुपये झाले. नामांकित कंपनीचा नवा, पूर्ण चौदा काठ्यांचा संच घ्यायचा तर असे कित्येक महिन्यांचे मानधन त्यात जाईल. पण चौदा काठ्या घेतल्याच पाहिजेत असे कोणी सांगितले? खेळाचा नियम चौदापेक्षा अधिक काठ्या बाळगू नयेत एवढाच आहे. तो कमाल मर्यादेचा नियम आहे आणि तोही १९३८-३९ मध्ये केला गेला, कारण श्रीमंत खेळाडू पंचवीस-तीस काठ्यांचा भार कॅडीच्या खांद्यावर लादू लागले होते. अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा १९१६ मध्ये चिक एव्हान्स या हौशी खेळाडूने जिंकली, ती अवघ्या सात काठ्यांनी. स्पेनचा सेव्हे बायेस्तेरोस हा लहानपणी थोरल्या भावाने दिलेली एकच लोखंडी काठी घेऊन पेद्रेन्या गावाच्या समुद्रकाठच्या वाळूत तासन्‌तास चेंडू मारीत असे. खोल वाळूतून, ओल्या वाळूतून, उंच, ठेंगणा, वाकडा असा प्रत्येक फटका त्याला त्या एकाच काठीने काढावा लागला आणि पुढे १९७९ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा अशक्य जागेतून चेंडू काढण्याची त्याची हातोटी पाहून जाणकार थक्क झाले. नवशिक्याला एक मध्यम उताराची लोखंडी काठी, जिला खेळाडू सात नंबर म्हणतात, आणि शेवटचा हलका टोला देण्यासाठी एक सपाट तोंडाची काठी एवढे पहिल्या वर्षाला पुरते. मोठ्या शहरांतून वापरलेल्या काठ्या सुट्या विकत मिळतात. हौस फिटलेले श्रीमंत लोक त्या वरचेवर बदलीत असतात.

चेंडूची गोष्ट अधिक बोधक आहे. स्कॉटलंडमध्ये शे-दोनशे वर्षांपूर्वी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू शिवला जाई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसभरात तीन-चारच चेंडू होत आणि एकेका चेंडूला काठीइतके किंवा त्याहूनही अधिक दाम पडत असे. पावसात भिजला की तो फुटायचा. साहजिकच नियमित खेळणे हे पैसेवाल्यांचे काम झाले. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चा या मलायातील झाडाच्या चिकापासून केलेला चेंडू आला. तो गरम पाण्यात मऊ करून हातानेच गोल वळता येई. फुटला तर पुन्हा वळता येई. पूर्वेकडून पाठवलेली विष्णूची मूर्ती याच चिकाच्या तुकड्यांत बांधून सेंट अँड्र्यूज येथील एका घरी पोहोचली आणि त्या वेष्टनातून पहिला चेंडू वळला गेला, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, किंमत उतरताच कोळी, विणकर, गवंडी हेही मैदानावर दिसू लागले. खेळ तोच राहिला होता; बदलली होती ती फक्त चेंडूची किंमत.

आपल्याकडे हीच गोष्ट मुंबईत चेंबूरला घडली आहे. तेथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मधला. क्लबाच्या मैदानावर पिशव्या वाहणारे कॅडी आसपासच्या दाट वस्त्यांतून राहणारे. दिवसभर साहेबांचे फटके पाहावेत, चेंडू कुठे पडला ते शोधून द्यावे, कुठली काठी घ्यावी ते सुचवावे आणि स्वतः मात्र खेळू नये, ही स्थिती त्यांनी मान्य केली नाही. लोखंडी सळई तापवून टोकाला वाकवली की काठी झाली, हलका प्लास्टिकचा चेंडू घेतला की खेळ झाला. घरांच्या भिंती, गटारे, पत्र्याची छपरे, वाळत घातलेले कपडे या सगळ्यांमधून अरुंद बोळात चेंडू नेमका पाठवायचा. पाच फूट रुंदीच्या बोळातून सरळ फटका मारणाऱ्याला साठ फूट रुंदीच्या हिरवळीवर कसली भीती? त्यांतील काहींनी पुढे व्यावसायिक स्पर्धांतही पाऊल टाकले. परदेशी छायाचित्रकारांनी या बोळांतल्या गोल्फचे कौतुक केले ते ठीकच. पण ज्यांच्या कौतुकाला खरा अर्थ होता, त्यांच्यात आणि बोळात एक भिंत उभी होती.

मुख्य खर्च आहे तो याच भिंतीचा. गोल्फच्या अठरा होलच्या एका मैदानाला सव्वाशे ते दीडशे एकर जमीन लागते. ती जमीन राखण्याचा, त्यावर पाणी सोडण्याचा आणि मुख्य म्हणजे तिच्यावर बाकीच्यांनी येऊ नये याची व्यवस्था करण्याचा खर्च सभासदत्वाच्या फीमध्ये उतरतो. हिंदुस्थानात हा खेळ इंग्रजांबरोबर फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. पण तो आला कुंपणासह. मुंबईत गोऱ्या आणि हिंदी लोकांना एकत्र प्रवेश देणारा क्लब स्थापन होण्यास १९१८ उजाडावे लागले आणि त्यासाठी खुद्द गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांना पुढाकार घ्यावा लागला. स्वातंत्र्यानंतर वर्णाचे कुंपण गेले. दामाचे कुंपण राहिले, आणि ते ओलांडणे काही बाबतींत अधिक कठीण ठरले.

या कुंपणाचे सर्वांत लाजिरवाणे दर्शन दक्षिण आफ्रिकेत घडले. सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम हा दरबानचा कॅडी, भारतातून गेलेल्या मजुरांच्या वंशातला, अक्षरशत्रू. काठी धरण्याची त्याची पद्धत सर्व पुस्तकांच्या उलट होती. वरचा हात खाली आणि खालचा वर. या उलट्या हातांनी त्याने १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६० मध्ये हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ मध्ये त्याने आपल्याच प्रांतातील नाताळ खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा गोरे खेळाडू क्लबाच्या इमारतीत बसले होते आणि वर्णभेदाच्या कायद्यामुळे आत पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या विजेत्याला करंडक बाहेर, भर पावसात देण्यात आला. ते छायाचित्र जगभर गेले. पुढे १९६५ मध्ये त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्यालाही हरवले. त्यानंतर सरकारने त्याला स्पर्धांतून खेळण्यासच बंदी केली.

आपल्या देशात असा कायदा नव्हता, हे समाधान खरेच. दिल्लीच्या क्लबवर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ मध्ये भारतीय खुली स्पर्धा जिंकली. १९६४ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्याआधी १९६५ मध्ये बिलू सेठी यांनी ती हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती. १९९३ मध्ये अली शेरने ती पुन्हा जिंकली. त्याच्या मागोमाग कॅडींच्या वस्तीतून आणखी खेळाडू पुढे आले. पण ते आले कसे? अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असते आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची रीत आहे. आठवड्याच्या सहा दिवसांच्या निरीक्षणावर आणि एका दिवसाच्या सरावावर हे खेळाडू घडले. ती रीत म्हणजे क्लबांची कृपा आहे, हक्क नव्हे. अमेरिकेत चिक एव्हान्स, जो स्वतः कॅडी होता, त्याच्या नावाने १९३० पासून कॅडींना विद्यापीठाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते आणि हजारो कॅडी तिच्यावर पदवीधर झाले. शाळा बुडवून पिशवी वाहणारा मुलगा हा आपल्याकडच्या मैदानांवरचा जुना प्रश्न आहे आणि क्लबांच्या वार्षिक सभांत त्याची चर्चा हिरवळीच्या चर्चेइतकी होत असेल, असे मानणे कठीण आहे.

आता गंमत अशी की ज्या गावाला या खेळाची पंढरी मानतात, त्या सेंट अँड्र्यूजला कुंपणच नाही. समुद्राकाठची, नांगराला नालायक, मेंढ्या आणि ससे यांनी कुरतडलेली ती वाळवट जमीन गावाची होती. आपल्या भाषेत सांगायचे तर ते गावाचे गायरान होते. गावकऱ्यांचा तेथे खेळण्याचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदला गेला आहे. १७९७ मध्ये कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने ती जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घशात घातली, तेव्हा गावकरी आणि व्यापारी यांचे वर्षानुवर्षे कज्जे चालले. शेवटी १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने जमीन गावाकडे परत आली. आजही ती सार्वजनिक विश्वस्तांच्या ताब्यात आहे, गावच्या रहिवाशांना माफक वार्षिक वर्गणीत खेळता येते आणि रविवारी जुने मैदान खेळाला बंद ठेवून गावकऱ्यांना फिरायला मोकळे असते. जगभरचे धनिक जेथे एकदा तरी काठी फिरवावी म्हणून धडपडतात, तेथे रविवारी सकाळी म्हाताऱ्या बायका कुत्री फिरवतात. आपल्याकडच्या क्लबांनी स्कॉटलंडहून काठ्या आणल्या, नियम आणले, पेहराव आणला. एवढी एक गोष्ट मात्र जहाजात चढवायची राहून गेली.

हिरवळीचेही तसेच. स्कॉटलंडात गवत पावसावर उगवते. ते तेथे फुकट आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तीच हिरवळ टिकवायला मैदानावर दिवसाला लाखो लिटर पाणी ओतावे लागते. जेथे कास्तकाराच्या विहिरीला जानेवारीनंतर पाणी पुरत नाही, तेथे असे मैदान करा म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा होईल. पण गोल्फला हिरवळ लागतेच हे कोणी ठरवले? ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पेडी नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. तेथल्या गोल्फच्या मैदानावर गवताची काडी नाही. खेळाडू हातभर कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर बाळगतो, त्यावर चेंडू ठेवून मारतो आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतो. उन्हाळ्यात रात्री चमकणारे चेंडू घेऊन खेळतात. हिंदुस्थानातील छावण्यांतही एके काळी होलच्या भोवती हिरवळीऐवजी बारीक वाळूचे चाळलेले वर्तुळ असे, त्याला ‘ब्राऊन’ म्हणत. चेंडू ढकलण्यापूर्वी लाकडी फळी ओढून वाट सारखी करायची, एवढाच त्याचा देखभालीचा खर्च. पुढे नळ आले, पंप आले, आणि ब्राऊन म्हणजे मागासलेपणा ठरून ते गेले. विदर्भाला गोल्फ हवा असेल तर तो याच तपकिरी रूपात परवडेल आणि याच रूपात शोभेल.

अल्लीपूरला हे कसे जमेल? काळ्या जमिनीचा नाद आधी सोडला पाहिजे. दिवाळीपासून होळीपर्यंत शेतात पऱ्हाटी आणि तूर उभी असते आणि त्यानंतर जमिनीला अशा भेगा पडतात की चेंडू एकदा आत गेला तर मृगापर्यंत त्याची वाट पाहावी लागेल. मुरमाड, बरड जागा चांगली; गायरानाचा कडेचा पट्टा किंवा शाळेचे मैदान. साठ ते ऐंशी मीटर अंतरावर तीन होल खणले तरी आरंभाला पुष्कळ झाले. होलचा व्यास नियमाने १०८ मिलीमीटर असतो. तेवढ्या तोंडाचा एखादा डबा जमिनीत पुरला की काम भागते. भोवती सात-आठ पावलांचे वर्तुळ चाळलेल्या मुरमाने सारखे करावे. नदीच्या वाळूच्या मागे लागू नये. वाळूच्या घाटांभोवती जे चालते त्यात शाळामास्तरांनी शिरण्याचे कारण नाही. एका बाबतीत मात्र कंजुषी करू नये. खरा चेंडू जवळपास ४६ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो. जेथे गुरे चरतात आणि मुले बागडतात तेथे तो वापरणे धोक्याचे आहे. मोकळ्या जागी भोकांचा हलका प्लास्टिकचा चेंडूच वापरावा. काठ्यांपैकी एक विकत घ्यावी आणि तिच्या नमुन्यावर बाकीच्या गावातच कराव्यात. स्कॉटलंडच्या राजाने १६०३ मध्ये गोल्फच्या काठ्या करण्यासाठी नेमला तो धनुष्ये करणारा कारागीर होता, आणि लोखंडी तोंडाच्या पहिल्या काठ्या गावच्या लोहारांनीच घडवल्या. वखराची पास घडवणाऱ्या लोहाराला हे काम अवघड नाही. हाताने वस्तू घडवीत शिकावे या विचाराची, म्हणजे नई तालीमची, मांडणी १९३७ मध्ये ज्या वर्ध्यात झाली, त्याच जिल्ह्यातील शाळेने आपली काठी आपण केली तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

गायरान म्हटले की आणखी एक सावधगिरी हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंह प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा स्पष्ट निर्णय दिला आहे. तेव्हा खेळाच्या नावाखाली तार ओढायची, फाटक लावायचे आणि उद्या त्या फाटकावर कुणाच्या तरी नावाची पाटी लावायची, असला उद्योग येथे चालता कामा नये. गुरे चरत राहावीत आणि त्यांच्यामधून माणसांनी खेळावे. सेंट अँड्र्यूजला शतकानुशतके हेच चालले होते.

कबड्डी, खो-खो, कुस्ती हे आपले खेळ सोडून हे परके खूळ कशाला, असा आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. शाळेत आधीच क्रीडा साहित्याची वानवा असते. चौदा वर्षांच्या मुलाला धावायला, झोंबायला लावणारे खेळच हवेत; त्यांची जागा गोल्फने घेऊ नये. पण शाळेत मुलांबरोबर शिक्षकही असतात, ग्रामपंचायतीत आणि बँकेत दिवसभर खुर्चीला खिळलेले कारकूनही असतात. पस्तिशीनंतर कबड्डीच्या पाटीवर उतरणे गुडघ्यांना झेपत नाही आणि सात गडी जमवणेही होत नाही. गोल्फला गडी लागत नाही, प्रतिपक्ष लागत नाही. लागते ते चालणे आणि लक्ष. परकेपणाचे म्हणाल तर जमिनीवरची वस्तू दांड्याने दूर पाठवायची यात ज्याने लहानपणी विटीदांडू खेळला आहे त्याला काय परके वाटणार?

शिवाय या खेळात असमान खेळाडूंना समान पातळीवर आणण्याची एक नामी सोय आहे. समजा, कुशल खेळाडू एक फेरी ७२ फटक्यांत संपवतो आणि नवख्याला ९० लागतात. तर नवख्याला १८ फटक्यांची सूट द्यायची आणि मग तुलना करायची. याला हँडिकॅप म्हणतात. ज्याने स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा त्या दिवशी चांगला खेळ केला तो जिंकला. मुख्याध्यापक आणि नववीतली मुलगी एकाच सामन्यात खरोखरीच्या चुरशीने खेळू शकतात, असे खेळ फार थोडे आहेत. मात्र फटके ज्याचे त्याने मोजायचे असतात आणि पंच नसतो. परीक्षाकेंद्रांवर भरारी पथके धाडावी लागणाऱ्या राज्यात ही अट वाटते तितकी सोपी नाही.

एवढ्याने कोणी ऑलिम्पिकला जाईल अशी आशा दाखवणे ही फसवणूक ठरेल. उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला आणि अदिती अशोकचे पदक त्याच स्पर्धेत चौथ्या क्रमांकावर थोडक्यात हुकले. त्या दोघांच्या मागे वर्षानुवर्षांचे शिक्षण आणि खऱ्या मैदानांवरचा सराव होता. बरडावर तीन होल खेळून जिला या खेळाची गोडी आणि गती दोन्ही लाभली अशी एखादी मुलगी निघाली तर तिने पुढे जावे कोठे, हा प्रश्न गावाच्या हातचा नाही. तेथे शासनाला पुढे यावे लागेल. ते अशक्य नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सराय येथे सार्वजनिक गोल्फ मैदान केले, सिडकोने खारघरला केले. तेथे शुल्क भरून कोणालाही खेळता येते. ते शुल्क अल्लीपूरच्या खिशाला परवडेल काय आणि खारघर अल्लीपूरहून किती दूर आहे, हे सांगण्याची गरज नाही. विदर्भात नवे हिरवे मैदान मागू नये. परंतु राज्यात तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे आणि अशा संकुलाच्या एका कोपऱ्यात चार खांबांना दोरीची जाळी बांधून, खाली एक चटई अंथरून खऱ्या चेंडूने सराव करता येईल अशी व्यवस्था क्रिकेटच्या सरावजाळीइतक्या खर्चात होते. छावण्यांतील आणि क्लबांतील मैदाने आठवड्यातून एखादी सकाळ जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना खुली ठेवावीत, ही मागणीही वाजवी आहे. जेथे जमीन सरकारची आहे तेथे ती मागणी न राहता अट व्हावी.

तोवर अल्लीपुरात सकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली. ऊन तापण्याआधी दोन-तीन फेऱ्या होतात. संध्याकाळीही खेळता येईल. मात्र गुरे आखरावर परतू लागली की काठी खाली ठेवून त्यांना वाट द्यावी लागेल, आणि मुरमाच्या वर्तुळांवर उमटलेले खूर दुसऱ्या दिवशी सकाळी फळी ओढून पुसावे लागतील.